ठणका थांबला त्या सकाळी

बाबांची खालची, डावीकडची शेवटून दुसरी दाढ तीन रात्री ठणकत होती आणि चौथ्या दिवशी सकाळी ती एकाएकी शांत झाली. त्या तीन रात्री ते पाठीशी उशा उभ्या करून बसून होते, कारण आडवे झाले की ठणका कानापर्यंत चढे. गार पाण्याचा घोट तोंडात धरला की क्षणभर बरे वाटे आणि पुन्हा तेच सुरू होई. चौथ्या दिवशी मात्र ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, गालावरून हात फिरवत म्हणाले, "गेली बघ. आपोआप गेली." त्यांच्या चेहऱ्यावरचा तो हलकेपणा पाहून मलाही इतके बरे वाटले, की दाताच्या डॉक्टरांकडची दुपारची ठरलेली वेळ मीच फोन करून रद्द केली. त्यानंतर अकराव्या दिवशी रात्री त्यांना धड श्वास घेता येईना. दुखणे वेगळे आणि धोका वेगळा, हे मला त्या रात्री कळले, आणि ज्या किमतीला ते कळले त्या किमतीला ते कोणालाही कळू नये म्हणून हे लिहीत आहे.

दाढेच्या आत काय घडले होते, ते मला पुढे जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एका तरुण डॉक्टर बाईंनी रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसून समजावून सांगितले. दाताच्या पोटात एक अरुंद पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांचा मऊ गाभा असतो. आपण ज्याला सरसकट 'दाताची नस' म्हणतो तो हाच. कीड तिथवर पोहोचली की हा गाभा सुजतो. हातापायाला सूज आली तर कातडी ताणली जाऊन जागा करून देते. दाताच्या भिंती मात्र सूतभरही हलत नाहीत, त्यामुळे सुजेचा सगळा दाब आतल्या आत नसेवरच पडतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून हा ठणका रात्री असह्य होतो. शेवटी याच दाबाने रक्तपुरवठा बंद पडून नस मरते आणि दुखणे थांबते, कारण वेदना जाणवून घेणारे आत काही उरलेलेच नसते. जंतू मात्र उरतात. रक्त पोहोचत नाही अशा त्या पोकळीत त्यांना अडवणारे कोणी नसते, आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून ते जबड्याच्या हाडात उतरू लागतात. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हसले, त्या वेळी हे उतरणे बहुधा सुरू झालेले होते.

दात किती दुखतो यापेक्षा तो कसा दुखतो, हे पाहायला हवे होते. गारगोड लागताच सणक येते आणि दोन-चार सेकंदांत विरते, तेव्हा नस सहसा वाचण्याजोगी असते. अशा दाताला आठवडाभरात दाखवले तरी चालते आणि बहुतेकदा कीड काढून दात भरण्यावर काम भागते. तीच सणक घोट गिळून झाल्यावरही मिनिटभर रेंगाळू लागली, काही खाल्ले-प्यायले नसताना आपली आपण उठू लागली, झोपेतून जागे करू लागली, म्हणजे नस आता सावरणार नाही. ही मध्यरात्री धावत सुटण्याची वेळ नव्हे, पण दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेण्याची नक्की आहे. त्याच्या पुढच्या पायरीवर दात शेजाऱ्यांपेक्षा उंच झाल्यासारखा वाटतो, घास चावताना तोच आधी टेकतो आणि टेकताच कळ येते. मुळाशी सूज किंवा पू साठून तो किंचित वर उचलला गेलेला असतो. कधी हिरडीवर पुळी येते, फुटते, तोंडाला खारट, घाण चव येते आणि एकदम हलके वाटते. पुवाला वाट मिळाली, एवढाच त्या हलकेपणाचा अर्थ. आतला उगम तसाच राहतो. बाबांच्या हिरडीवर अशी पुळी आली नाही. ती आली असती तर पू गळ्याकडे उतरण्याऐवजी तोंडात उतरला असता, असे मला नंतर कितीदा वाटले.

त्या तीन रात्रींतही आम्ही चुकलो होतो. एका पाकिटातली गोळी उपयोगी पडेना म्हणून बाबा मधूनमधून दुसऱ्या पाकिटातली घेत होते. दोन्हींची नावे वेगळी, रंग वेगळे. मागची बारीक अक्षरे मी भिंग घेऊन वाचली तेव्हा कळले, की दोन्हींत पॅरासिटामॉलच होते. प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही या औषधाची कमाल मर्यादा आहे, आणि वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर ती याहूनही खाली येते. दातदुखीने बेजार झालेली माणसे नकळत ही मर्यादा ओलांडतात आणि यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी येते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक असते; घरातल्या औषधांच्या डब्याला ते ठाऊक नसते. दुसरी चूक म्हणजे मागच्या कुठल्याशा आजारातून उरलेल्या चार प्रतिजैविक गोळ्या. त्या घेतल्याने आपण काहीतरी केले असे समाधान मिळाले, पण औषध रक्तातून जाते आणि मेलेल्या नसेपर्यंत रक्तच जात नाही. अशा दाताला रूट कॅनाल करून आतली घाण काढावी लागते किंवा दात काढावा लागतो, आणि पू साठला असेल तर त्याला वाट करून द्यावी लागते. प्रतिजैविक हा त्या कामाचा सोबती आहे, तोही प्रत्येक वेळी लागतोच असे नाही. आम्ही त्यालाच काम समजून बसलो.

अकराव्या दिवशी सकाळी बाबांच्या जबड्याखाली डाव्या बाजूला गोटीएवढी गाठ हाताला लागली. मी गरम पाण्याची पिशवी भरून दिली. तोंडातल्या पुवाच्या सुजेला बाहेरून शेक देऊ नये, हवे तर गार पट्टी ठेवावी, हे मला माहीत नव्हते. सूज म्हटली की शेक, हे हाताला वळण होते. दुपारपर्यंत गाठीची कड सापडेनाशी झाली आणि संध्याकाळी सूज हनुवटीखालून उजव्या बाजूला पोहोचली. "दुखतंय का?" असे मी दर तासाला विचारत होते आणि ते दर वेळी मान हलवून म्हणत होते, "दुखत नाही फारसं. जड वाटतंय." या उत्तराने मी दुसऱ्यांदा फसले. मी चुकीचा प्रश्न विचारत होते.

रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांनी हाक मारली आणि तो आवाज त्यांचा वाटला नाही. मोठा घास तोंडात धरून बोलावे तसा तो जाड आणि आत कोंडलेला येत होता. मी खोलीत गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेवर पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते, हनुवटी पुढे काढलेली. खांद्यावरच्या टॉवेलाचे टोक ओले झाले होते, आणि ते कशाने हे समजायला मला काही क्षण लागले: त्यांना स्वतःची लाळ गिळता येत नव्हती. दात जेमतेम बोटभर उघडत होते आणि त्या फटीतून जीभ दिसत होती, नेहमीपेक्षा वर, जणू खालून कोणी ती उचलून धरली आहे. "जरा आडवे व्हा," म्हणून मी उशी सरळ केली, तर त्यांनी घाबरून हाताने नको म्हटले. आडवे झाले की श्वास कोंडत होता, म्हणून ते आपणहून तसे पुढे झुकून बसले होते. इतके सगळे डोळ्यांसमोर असताना मी काय म्हणाले, ते आठवले की आजही घसा कोरडा पडतो. मी म्हणाले, "सकाळी दाताचा दवाखाना उघडला की पहिलंच जाऊ."

त्याच वेळी ताईचा फोन आला. तिने बाबांशी बोलायचे म्हटले, त्यांचे दोन शब्द ऐकले आणि मला म्हणाली, "हे आता दाताचं राहिलेलं नाही. दवाखाना उघडायची वाट बघू नकोस, आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात ने." तिला वैद्यकातले काही कळत नव्हते. तिने आवाज ऐकला होता, एवढेच.

रुग्णालयात पहिली दहा मिनिटे दाढेकडे कोणी पाहिलेच नाही. श्वास कसा चालला आहे, लाळ गिळता येते का, जीभ बाहेर काढता येते का, हे त्यांनी पाहिले. डॉक्टरांनी वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये दोन बोटे उभी घालून पाहिली. एकही नीट जाईना. मग हनुवटीखाली हात लावून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "इथे हात लावून बघा." मऊ सुजेऐवजी हाताला टणक फळी लागली. बाबांना मधुमेह आहे हे ऐकताच त्यांची घाई आणखी वाढली. भूलतज्ज्ञ आले, बाबा जागे असतानाच, दुर्बिणीच्या साहाय्याने नाकावाटे श्वासनलिकेत नळी घातली गेली, आणि ती गेली नाही तर गळ्याला छेद देऊन वाट करण्याची तयारी शेजारच्या ट्रेवर मांडलेली होती. त्यानंतर जबड्याखाली दोन बाजूंना छेद घेऊन निचऱ्याच्या नळ्या बसवल्या आणि सगळ्यात शेवटी ती दाढ काढली. चार दिवस ते अतिदक्षता विभागात होते.

या आजाराला लुडविग यांचे नाव आहे. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आजाराच्या नावात पुढे जो 'अँजायना' शब्द येतो त्याचे मूळ गळा आवळण्याचा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दात आहे. इथे त्याचा हृदयाशी संबंध नाही. प्रतिजैविके येण्यापूर्वी याचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. बाबांची दाढ ठणकत होती तेव्हा धीर द्यायला आलेल्या दोघातिघांनी "दातदुखीनं काय कोणी मरतंय?" असे म्हटले होते, आणि मीही मान डोलावली होती. माणसे मरत आली आहेत, आजही मरतात.

खालच्या मागच्या दाढांचेच दुखणे असे का उतरते, यालाही कारण आहे. तोंडाचा तळ म्हणजे जबड्याच्या दोन बाजूंना बांधलेल्या झोळीसारखा एक पातळ स्नायू असतो आणि जीभ त्यावर टेकलेली असते. पुढच्या दातांची मुळे या झोळीच्या रेषेच्या वर संपतात; दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळे मात्र बहुधा तिच्याही खाली पोहोचतात. त्यामुळे तिथला पू जबड्याचे आतले हाड फोडून निघाला की तोंडात न येता गळ्याच्या वरच्या पोकळ्यांत शिरतो. दोन्ही बाजूंच्या पोकळ्या भरल्या की झोळी वर उचलली जाते आणि तिच्यासोबत जीभ वर व मागे, श्वासाच्या वाटेवर लोटली जाते. बाबांची जीभ त्या रात्री वर दिसली ती यामुळे. वरच्या दातांचे दुखणे वेगळ्या वाटेने जाते. सुळ्याच्या मुळाशी झालेला पू नाकाच्या कडेने डोळ्याकडे चढतो आणि क्वचित तिथल्या शिरांमधून मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचतो. गालाची सूज चढत जाऊन डोळा मिटू लागला, तर तो दिवस घरी काढण्याचा नसतो.

म्हणून आता कोणी मला दात दुखतो म्हणून विचारले, तर मी दुखण्याविषयी शेवटी विचारते. तोंड किती उघडते, हे आधी. एरवी आपलीच तीन बोटे दातांत उभी मावतात, दोनही मावेनाशी झाली की काळजीचे असते. घोट गिळताना अडते का, लाळ तोंडात साठते का, आवाज जाड झाला आहे का, जिभेखाली किंवा हनुवटीखाली टणकपणा आहे का, सूज तासातासाला पुढे सरकते आहे का, थंडी वाजून ताप येतो आहे का, आडवे झाल्यावर जीव घाबरतो का. यांपैकी गिळणे, श्वास, आवाज किंवा गळ्याकडे उतरणारी सूज यांत एकही होकार आला, तर दाताचा दवाखाना किती वाजता उघडतो हा प्रश्नच उरत नाही. जिथे रात्रंदिवस भूलतज्ज्ञ असतात तिथे जायचे. सूज आहे पण ती गालापुरतीच आहे, तोंड उघडते आहे, गिळता येते आहे, ताप नाही, तर त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे. मधुमेह, कर्करोगाचे उपचार, अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधे असे काही असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर हे सगळे हिशेब आणखी आखूड करायचे.

पुढच्या वर्षी ताईकडे आणखी एक प्रसंग घडला, आणि त्यात तर दुखणे जवळजवळ नव्हतेच. माझा भाचा, अकरा वर्षांचा, जिन्यावरून पळताना पडला आणि वरचा पुढचा दात मुळासकट निखळून पायरीवर पडला. मी जिन्याखालीच होते. तो रडत होता, पण भीतीने आणि रक्त पाहून. दात दुखतो असे तो म्हणत नव्हता. तो शुद्धीवर आहे, उलटी नाही, भोवळ नाही, जबडा नीट मिटतो आहे, हे मी आधी पाहिले, कारण डोक्याला मार असेल तर दात दुय्यम ठरतो. मग पायरीवरचा दात उचलला. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवते ती त्याची लांबी. आरशात दिसतो त्याच्यापेक्षा दात कितीतरी लांब असतो. आणि मुळावर एक ओलसर, किंचित चमकणारा पापुद्रा होता, त्याला जिन्यावरची माती चिकटली होती.

"अगं, घासून तरी घेऊ दे मला," म्हणत ताईने ब्रश आणून नळही सोडला होता. मी तिचा हात धरला. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये असंख्य बारीक तंतू असतात आणि दात त्यांच्या आधाराने जागेवर असतो. तो चमकणारा पापुद्रा म्हणजे त्या तंतूंचा मुळासोबत आलेला अर्धा भाग, आणि त्यातल्या पेशी त्या क्षणी जिवंत होत्या. ब्रशने घासले की त्या खरवडून जातात. साध्या पाण्यात ठेवले तर पाणी त्यांच्यात शिरून त्या फुगतात आणि फुटतात. कोरड्या कागदात गुंडाळले तर वाळतात. दुधातली क्षारांची आणि साखरेची तीव्रता शरीरातल्या द्रवांच्या जवळपास असते, त्यामुळे त्यात त्या काही काळ तग धरतात. दात दुधात ठेवायचा, हा घरगुती तोडगा वाटतो खरा. पण दातांच्या दुखापतींवरील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही तेच सांगितलेले आहे.

सगळ्यांत उत्तम जागा मात्र दाताची स्वतःचीच. मी दाताच्या डॉक्टरांना फोन लावला आणि फोन कानाशी ठेवूनच दात फक्त पांढऱ्या भागाला धरला, मुळाला बोट न लावता त्यावर थोडे दूध ओतून माती वाहून जाऊ दिली. डॉक्टर म्हणाले, "शेजारच्या दाताशी ताडून बघा, पुढची बाजू पुढे आहे ना? आता हलकेच आत दाबा." माझे हात थरथरत होते. भाच्याने डोळे घट्ट मिटले. दात रक्ताळलेल्या खाचेत अर्धा गेला, थोडा अडला, आणि मग बोटाखाली अगदी लहानसा, जागेवर बसल्याचा धक्का जाणवला. घडी केलेला रुमाल त्याच्या दातांत देऊन त्याला तो चावून धरायला सांगितला आणि आम्ही निघालो. पडल्यापासून दात जागेवर बसेपर्यंत बारा मिनिटे गेली होती. पहिल्या पंधरा मिनिटांत दात बसवला तर त्या पेशी जगण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि तो तासाभराहून अधिक काळ कोरडा राहिला तर त्या बहुधा मेलेल्याच असतात. तरीही उशिरा सापडलेला दात टाकून न देता सोबत न्यावा, कारण डॉक्टर तो बहुतेक वेळा बसवतात आणि वाढत्या वयाच्या मुलात त्यामुळे जबड्याच्या हाडाची उंची काही काळ टिकते. धीर होत नसेल, तर दात दुधात ठेवून धावावे. दूध नसेल आणि माणूस मोठा, पूर्ण शुद्धीवर असेल, तर स्वतःच्याच गालात धरावा किंवा वाटीत लाळ घेऊन तीत बुडवावा.

बारीक तारेने तो दात शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवला, धनुर्वाताच्या लसीची चौकशी झाली, आणि त्या पंधरवड्यातच रूट कॅनालही सुरू केले, कारण त्याच्या मुळाचे टोक पूर्ण मिटलेले होते आणि तुटलेली नस पुन्हा जुळण्याजोगी नव्हती. हे सगळे कायमच्या दातापुरते आहे, एवढे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही. वर हिरडीत तयार होत असलेल्या कायमच्या दाताला त्याने इजा होऊ शकते. आणि एखादा दात निखळला पण सापडलाच नाही, मूल खोकू लागले किंवा धाप लागली, तर तो श्वासाच्या वाटेत गेला असण्याची शक्यता धरून छातीचा एक्स-रे काढावा लागतो. दाताचा तुकडा उडाला असेल तर तोही शोधून दुधात किंवा पाण्यात ठेवून न्यावा, अनेकदा तो चिकटवता येतो. तुटलेल्या कडेच्या मधोमध लाल-गुलाबी ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडलेली आहे, आणि मग त्याच दिवशी जायला हवे. नुसती कड खरखरीत झाली असेल, दातात भरलेले सिमेंट किंवा वरची कॅप निघाली असेल, तर एक-दोन दिवस थांबता येते.

उलट टोकाचा अनुभव माझ्या स्वतःच्या वाट्याला आला. माझी खालची अक्कलदाढ काढली, दोन दिवस सगळे ठीक होते, आणि तिसऱ्या दिवशी अशी कळ सुरू झाली, की कान, कानशील, मान सगळे एक झाले. बाबांच्या त्या रात्रीनंतर माझी खात्रीच पटली, की हे पसरते आहे. मी आरशासमोर उभी राहून दातांत तीन बोटे उभी घालून पाहिली; ती ताणून का होईना पण गेली. ताप नव्हता, सूज ओसरत चालली होती, पाणी सहज गिळता येत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहून सांगितले, की खाचेत धरलेली रक्ताची गुठळी निघून गेली आहे आणि खालचे हाड उघडे पडले आहे; याला ते ड्राय सॉकेट म्हणतात. त्यांनी खाच धुऊन औषधात भिजवलेली पट्टी आत बसवली आणि तासाभरात मी माणसात आले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत भयंकर दुखणे होते, आणि त्यात जिवाला धोका म्हणून काही नव्हता. बाबांना त्या रात्री 'फारसे दुखत' नव्हते.

दात काढल्यानंतरच्या रक्तस्रावाबाबतही डोळ्यांना दिसते त्यावर जाऊन चालत नाही. थोडे रक्त लाळेत मिसळले की वाटीभर वाटते. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी असणे स्वाभाविक आहे. कापसाचा बोळा किंवा घडी केलेला गॉज अचूक खाचेवर ठेवून अर्धा तास न उघडता, न थुंकता घट्ट चावून धरावा. दर पाच मिनिटांनी काढून पाहिले की धरू लागलेली गुठळी निघून येते. एवढ्यानेही तोंड रक्ताने भरतच राहिले तर मात्र निघावे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावी. मार लागल्यानंतर दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील, खालचा ओठ बधिर झाला असेल, तर जबड्याचे हाड मोडले असण्याची शक्यता असते. आणि एक दुखणे असे आहे, की ते दाताचे नसतेच. जिना चढताना किंवा चालताना खालच्या जबड्यात दाटून येणारी, थांबले की ओसरणारी वेदना, आणि तिच्यासोबत घाम, धाप किंवा छातीवर दडपण, हे हृदयाचे असू शकते. विश्रांतीनेही ते जात नसेल, तर त्याला दाताच्या खुर्चीवर नेऊन वेळ घालवू नये.

बाबांच्या जबड्याखाली दोन बाजूंना आता बोटभर लांबीचे दोन व्रण आहेत. दाढी करताना ते तिथे वस्तरा जपून फिरवतात. गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता त्यांनी माझे दार वाजवले. उजवीकडच्या वरच्या दाढेला हात लावून उभे होते. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली, "दाढ ठणकतेय. पण तीन बोटं उभी जातायत, बघ. पाणी पिऊन आलो, गिळता येतंय. ताप मोजला, नाही. सूज कुठेच नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "सकाळी गेलं तर चालेल ना गं?" मी दिवा लावून त्यांचा गाल, हनुवटीखालची जागा हाताने चाचपून पाहिली आणि सकाळचे चालेल असे सांगितले. पॅरासिटामॉलची किती वाजता घेतलेली गोळी ही कितवी, हे त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवले होते. पहाटे चारला त्यांनी पुन्हा दार वाजवले. "थांबली," ते म्हणाले, "पण तू ती वेळ रद्द करू नकोस."